खुडूक कोंबडीची भरपाई

कोंबडा तेवढा वाचला, आणि तोही वेळेवर छपरावर चढून बसल्यामुळे. पाचही कोंबड्या मात्र परसात जिथे सापडल्या तिथेच पडल्या होत्या. दोन पाण्याच्या टाकीजवळ, दोन खुराड्याच्या दारात, आणि सगळ्यांत थोरली, जिला आत्या 'म्हातारी' म्हणत असे, ती आत, अंडी घालायच्या टोपलीतच. सोमवारी दुपारी आत्या दवाखान्यातून रक्तदाब मोजून घेऊन परतली तेव्हा शेजारच्या गॅरेजवाल्याचा कुत्रा भुऱ्या परसाच्या मधोमध बसलेला होता. तुटलेली साखळी गळ्यात लोंबत होती, नाकाला एक पीस चिकटले होते, आणि ओळखीचे माणूस पाहून त्याने शेपूट हलवली.

आत्याने दगड उचलला नाही. साखळीचे टोक धरून तिने त्याला त्याच्या घरी नेले, फाटकाला बांधले, आणि परत येऊन भाच्याला फोन केला.

"घरी ये. भुऱ्यानं कोंबड्या मारल्या."

"किती?"

"होत्या तेवढ्या."

"तुला काही लागलं नाही ना?"

"मला कशाला खातोय तो. येताना मधे कुठं रेंगाळू नकोस. खड्डा खणायचाय."

भाचा बुकबाइंडर होता. एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात, खळीच्या आंबूस वासात आणि फाटक्या पुस्तकांच्या ढिगात त्याचा दिवस जाई. पानांशी त्याचे चांगले जमे. माणसांशी बोलायचे म्हटले की वाक्य घशाशी येऊन पुन्हा खाली उतरत असे. दुकानदाराने सुटे कमी दिले तरी तो मुकाट्याने पायरी उतरायचा. गॅरेजवाला त्याला तोंडावर 'मौनीबाबा' म्हणे, आणि त्यावरही तो हसून घेई.

पेरूच्या झाडाखाली त्याने खड्डा खणला. आत्या एकेक कोंबडी आणून देत होती आणि प्रत्येकीचे नाव घेत होती, शाळेत हजेरी घ्यावी तसे. काळी. ठिपकी. तुरेवाली. नकटी. म्हातारीला तिने टोपलीसकट ठेवले. टोपली अजून चांगली आहे, असे भाच्याच्या ओठांवर आले होते. ते त्याने तिथेच ठेवले. वरून कोंबडा आरवला. परसात आता त्याचे ऐकायला कुणी नव्हते.

हात धुताना आत्या म्हणाली, "भरपाई घ्यायची."

"हो."

"हो काय? नीट ऐक. कमी नाही आणि जास्त नाही. चौघी अंड्यावर होत्या, अंडी देणाऱ्या, त्यांचे सहाशे-सहाशे. बाजारात तोच भाव आहे, विचारून ये हवं तर. आणि म्हातारीचे एक हजार."

"म्हातारीचे हजार?"

"हजार. त्यातूनच मी नव्या आणणार. तुझ्या पगारातल्या कोंबड्या मला नकोत."

हे शेवटचे वाक्य तिने सहज उच्चारले, पण भाच्याला त्याचे वजन ठाऊक होते. सात वर्षांपूर्वी आत्या एक पेटी आणि एक घडीची खुर्ची घेऊन या घरी राहायला आली, तेव्हा त्याच्या आईवडिलांना जाऊन वर्ष झाले होते. पहिल्या महिन्यात त्याने तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. तिने त्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून उबवायला बसलेली एक खुडूक कोंबडी आणि दहा अंडी घेऊन आली. तेव्हापासून गोळ्यांचे पैसे अंड्यांतून येत. घर भाच्याचे असले तरी आत्या तिथे स्वतःच्या पायांवर उभी होती, आणि ते पाय कोंबड्यांचे होते. भरपाई मिळाली नाही तर ती नव्या कोंबड्या आणणार नव्हती. भाच्याच्या गोळ्या मुकाट घेईल, घडीची खुर्ची उघडून खिडकीपाशी बसेल, आणि मग तिथून उठायला तिला काही कारण उरणार नाही. हे त्याला इतके स्पष्ट दिसत होते की त्याने खिडकीकडे बघायचे टाळले.

मंगळवारी तो गॅरेजमध्ये गेला. गॅरेजवाला एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसला होता.

"या मौनीबाबा. मला कळलंय सगळं. साखळीची कडी झिजली होती, माझंच चुकलं. मी नाही म्हणत नाही." त्याने फडक्याला हात पुसले. "किलोचा काय भाव असेल तो देतो. पाच कोंबड्या, सव्वा-दीड किलोच्या. अकराशे होतील. बरोबर?"

ते बरोबर नव्हते. अंड्यावरच्या कोंबडीला मटणाच्या दुकानातला भाव लावायचा नसतो, ती तोलायची नसते, हे सगळे भाच्याने येताना मनात पाठ केले होते. पण गॅरेजवाल्याने पैसे आधीच पुढे केले होते, आणि पुढे आलेला हात रिकामा परत पाठवणे त्याला कधी जमले नव्हते.

"बरं," तो म्हणाला.

त्या दोन अक्षरांची लाज त्याला रस्ताभर पुरली. आणि मग, लाजाळू माणसे करतात तशी, त्याने एक खोटी पण सोयीची वाट काढली. दुसऱ्या दिवशी त्याने बँकेतून स्वतःचे तेवीसशे काढले आणि तळघरातल्या टेबलावर दोन्ही पैसे एकत्र केले. मग जे हातून रोज शंभर वेळा होते तेच झाले. नोटांचा गठ्ठा त्याने चारही बाजूंनी टेबलावर ठोकला, कडा सारख्या केल्या, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो लोखंडी शिकंज्यात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दाबून ठेवला. आपण हे का करतो आहोत असा प्रश्नही त्याला पडला नाही.

संध्याकाळी आत्याने चष्मा लावून नोटा मोजल्या. चौतीसशे. पुन्हा मोजल्या. मग गठ्ठा नाकाशी नेला.

"गॅरेजवाल्यानं दिले?"

"हो."

"सगळे?"

भाचा पाण्याचा पेला शोधू लागला.

"निम्म्याशिम्म्या नोटांना तेलाचा वास येतोय," आत्या म्हणाली. "बाकीच्यांना खळीचा. आणि त्या माणसाच्या खिशातून अशी इस्त्री केलेली नोट जन्मात निघायची नाही. अरे, तू चोरी करायला गेलास ना, तर मागे पावती ठेवून येशील."

त्याला हसू आले नाही. तिलाही आले नव्हते. तिने नोटा वास घेऊन घेऊन दोन ढिगांत वेगळ्या केल्या आणि खळीचा ढीग त्याच्याकडे सरकवला.

"कोंबड्या कुणी मारल्या?"

"भुऱ्यानं."

"मग दंड तू का भरतोस? तुझ्यापुढं हात पसरायचा नाही म्हणून तर पाळल्या होत्या ना त्या." तिचा आवाज चढला नव्हता, उलट थोडा खाली आला होता. "कोंबड्या गेल्या त्यापेक्षा हे जास्त लागतं रे. जा. आत्ता जा, दिवस आहे तोवर."

तो गेला. या वेळी गॅरेजमध्ये नव्हे, मागच्या घरी. गॅरेजवाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चहा पीत होता आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, बटाटे सोलत होत्या. भुऱ्या नवीन, जाड साखळीला बांधलेला होता आणि झोपला होता.

"अकराशे पुरत नाहीत, दादा," भाचा उंबऱ्यातूनच म्हणाला. आत गेलो तर धीर सुटेल असे त्याला वाटले असावे.

"काल तर बरं म्हणालात."

"काल चुकलं माझं. चौघी अंड्यावर होत्या. त्यांचे चोवीसशे होतात."

"अंड्यावर!" गॅरेजवाल्याने चहाचा घोट घेतला. "सात वर्षं बघतोय मी त्या कोंबड्या. निवृत्त झाल्या असतील आत्तापर्यंत. अंडी देत होत्या हे कुणी बघितलंय?"

भाचा काही बोलण्याआधी वहिनींनी सुरी खाली ठेवली. फळीवरून तारेची टोपली उतरवली आणि नवऱ्याच्या चहाशेजारी ठेवली. टोपलीत आठ अंडी होती. प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात काही लिहिले होते.

"वाचा," वहिनी म्हणाल्या.

"काय हे?"

"आत्या लिहितात. कुठल्या कोंबडीचं आणि कुठल्या तारखेचं. शिळं अंडं गिऱ्हाइकाच्या पदरात पडू नये म्हणून. दर रविवारी मी एक डझन घेते. तुम्ही दर सोमवारी दोन खाता, ती आभाळातून पडतात वाटतं? वाचा."

गॅरेजवाल्याने एक अंडे उचलून उजेडात धरले. "का, बारा."

"काळीचं, रविवारचं. पुढचं."

"ठि, अकरा. तु, बारा. न, नऊ. पुन्हा ठि." तो वाचत गेला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज लहान होत गेला. एखादे बिल स्वतःच्याच अक्षरात सापडावे तसा चेहरा झाला होता त्याचा. शेवटचे अंडे त्याने फार जपून ठेवले. "बरं. चौघींचे चोवीसशे. अकराशे दिलेत, राहिलेले तेराशे महिन्याभरात देतो. मला एकदम नाही जमायचं."

"चालेल."

"पण पाचवीचं अक्षर दिसत नाही यात."

भाच्याला ही भीती होतीच. खोटे बोलायचे त्याने आजच करून पाहिले होते. "नाही दिसणार," तो म्हणाला. "म्हातारी चौदा महिने अंडी देत नव्हती."

"आणि तिचे मागताय किती?"

"हजार."

गॅरेजवाला मोठ्याने हसला. "अहो, जी अंडी देते तिला सहाशे आणि जी फुकट खाते तिला हजार? हा कुठला न्याय?"

त्यानंतर भाचा जे बोलला तेवढे तो एका दमात पूर्वी कधी बोलला नसावा. उंबऱ्यावरची एक चीर बघत बोलला, पण बोलला. म्हातारी अंडी देत नसे. ती खुडूक बसत असे. बाकीच्या चौघी अंडी घालून मोकळ्या होत, पण बसणे त्यांना माहीत नव्हते. त्या जातीलाच ते उरलेले नाही. म्हातारी मात्र दुसऱ्यांची अंडी पोटाखाली घेई आणि एकवीस दिवस हलत नसे. दाणे खायला उठली तर पाच मिनिटांत परत. काळी, ठिपकी, तुरेवाली, नकटी, चौघी तिच्याच पोटाखालून निघाल्या. बाजारात अंडी मिळतात, पिल्ले मिळतात, अंड्यावरची कोंबडी मिळते. बसणारी आता मिळत नाही. ती होती म्हणून आत्याला पुन्हा कधी कोंबडी विकत आणावी लागली नाही.

मग गॅरेजवाल्याने पेला खाली ठेवला.

"सगळं पटलं. पण हजार माझ्याकडं नाहीत हो. मग काय करू, मी बसू का अंड्यांवर?"

ते टोमण्यासारखेच म्हटले होते. भाच्याने मान वर केली. टोपलीतली आठ अंडी पाहिली. कोंबडा घरात होता, म्हणजे ती अंडी रिकामी नव्हती. सगळ्यांत जुने आठवड्याचे. फळीवर, सावलीत ठेवलेली.

"बसा," तो म्हणाला.

आधी वहिनी हसल्या. मग गॅरेजवाला हसायला गेला, आणि समोरचा माणूस हसत नाही हे पाहून थांबला.

आत्याला हे सांगितले तेव्हा तिने आधी चष्मा उतरवला. नंतर म्हणाली, "पैशाच्या बदल्यात काम? म्हातारीचंच काम?" आणि आणखी थोड्या वेळाने, "कमी नाही. जास्तही नाही. करू दे त्याला. पण अंडी मी तपासणार."

पेटी भाच्याने रातोरात केली. जाड पुठ्ठ्याच्या दुहेरी भिंती, मध्ये कापूस, आतून बांधणीचे कापड, वरच्या झाकणाला काचेची एक खिडकी. कोपरे इतके काटकोनात की वहिनींनी ती दागिने ठेवायला मागितली. गॅरेजवाल्याने गाडीच्या जुन्या बॅटरीवर बल्ब जोडला, एका मोडक्या इस्त्रीतून काढलेला उष्णतेचा स्विच बसवला आणि ओलावा राहावा म्हणून पाण्याची वाटी ठेवली. गुरुवारी सकाळी, गॅरेजच्या आतल्या खोलीत, टायरच्या फळीखाली आठ अंडी ठेवली गेली. दिवसातून तीनदा ती फिरवायची होती, आणि त्यासाठी आत्याच्या अक्षरांचा उपयोग झाला. सकाळी अक्षर वर, दुपारी खाली, संध्याकाळी पुन्हा वर, आणि दुसऱ्या दिवशी याच्या उलट.

आत्या रोज दहा वाजता घडीची खुर्ची घेऊन तिथे जाऊ लागली. झाकण उघडायची, एक अंडे मिटल्या पापणीला लावायची आणि ऊब जोखायची.

"थर्मामीटर आहे की आत," गॅरेजवाला म्हणायचा.

"त्याला पिल्लं झालीत का कधी?"

गिऱ्हाइकांना बातमी लागायला वेळ लागला नाही. कुणी बाळंतविडा विचारी, कुणी डोहाळे. एकाने पंक्चर काढायला आल्यावर "हळू बोला, घरात खुडूक आहे" असे सगळ्यांना बजावले. गॅरेजवाला सुरुवातीला चिडला. मग तोच लोकांना काचेतून अंडी दाखवू लागला. आठव्या दिवशी आत्याने अंधाऱ्या कोपऱ्यात बॅटरीच्या झोतापुढे प्रत्येक अंडे धरले. सहांत लाल शिरांचे जाळे दिसले. दोन निव्वळ उजेडाची निघाली. ती तिने काढून टाकली. गॅरेजवाल्याने दोन्हींवरची अक्षरे वाचली आणि बाहेर जाऊन एका स्कूटरचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला.

बाराव्या दिवशी दुपारी बल्ब गेला. कधी गेला ते कुणालाच कळले नाही. भाचा जेवणाच्या सुट्टीत डोकावला तेव्हा आतल्या खोलीत जमिनीवर गॅरेजवाला बसला होता, थंडीतले जाकीट गळ्यापर्यंत बंद करून, दोन्ही हात पोटावर. दुकानाचे शटर अर्धे ओढलेले होते.

"बल्ब आणायला गेलीय ही," तो कुजबुजला. "मला हलता येत नाही. सहाही आत आहेत."

भाचा त्याच्यासमोर बसला. थोड्या वेळाने गॅरेजवाला म्हणाला, "एकवीस दिवस बसायची म्हणता?"

"दोनदा उठायची. दाण्याला."

"माझे पाय तर वीस मिनिटांत मेले हो." त्याने भिंतीकडे पाहिले. "त्या दिवशी टोपलीतच मारली ना त्यानं तिला?"

"हो."

"पळाली असती तर वाचली असती."

टोपलीत त्या दिवशी अंडी होती की नाही हे भाच्याने पाहिले नव्हते. आत्याने ती झाकूनच खड्ड्यात ठेवली होती. ते त्याने सांगितले नाही. वहिनी बल्ब घेऊन आल्या.

एकविसाव्या दिवशी सकाळी काळीच्या अंड्याला पहिली चीर गेली. दुपारपर्यंत ठिपकीची दोन फुटली. बाकीची तीन दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, आणि आत्याने ती कानाला लावून पाहिली आणि फडक्यात गुंडाळली. तीन पिल्ले बल्बच्या उजेडात ओल्या कापसासारखी एकमेकांवर पडली होती. गॅरेजवाला गुडघ्यांवर बसून काचेला नाक लावून होता.

"मिटला का आत्या हिशेब?"

आत्या खुर्ची घडी करत होती. "म्हातारी बारातून दहा काढायची. तू आठातून तीन."

"म्हणजे नाही मिटला."

"भुऱ्याला बांधलास, नीट बसलास, मधे उठला नाहीस." तिने जरा विचार केला. "मिटला. पण पुढच्या खेपेला पाण्याची वाटी मोठी ठेव."

"पुढच्या खेपेला?"

"कोंबडा अजून आहे ना. आणि म्हातारी कुठंय आता?"

गॅरेजवाल्याने डोके खाजवले आणि बोटाचे ग्रीस कपाळाला लावून घेतले. मग त्याला आठवले तसे त्याने खिशात हात घातला आणि तेराशे काढून आत्याच्या हातावर ठेवले. महिना भरायला अजून आठवडा होता. दहा ठिकाणी दुमडलेल्या, कोपरे मोडलेल्या, काळ्या बोटांचे ठसे उमटलेल्या नोटा होत्या त्या.

घरी आल्यावर आत्याने त्या चुरगळलेल्या नोटा तशाच टेबलावर ठेवल्या आणि चष्मा आणायला आत गेली. भाचा शेजारी उभा होता. त्याचा हात सवयीने पुढे झाला, गठ्ठा उचलून चारही बाजूंनी ठोकायला. आणि नोटांपासून बोटभर अंतरावर थांबला. बाहेर कोंबडा छपरावरून उतरला होता आणि रिकाम्या खुराड्याच्या दारात उभा राहून आत बघत होता.

भाच्याने हात मागे घेतला.